चौथ्या टाकीतला जंतू

भोसरीच्या त्या यीस्ट कारखान्यात काम बरं चाललं आहे की नाही, हे फाटकातच नाकाला कळायचं. बरं असलं की भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावासारखा वास. १९७४ सालच्या पावसाळ्यात तो वास बिघडला. आधी किंचित आंबट, मग शिळ्या ताकासारखा, आणि चौथ्या टाकीचं झाकण उचललं तर माणूस तोंड फिरवून उभा राहायचा. पुण्यातल्या बेकऱ्यांकडून यीस्टच्या वड्या परत येऊ लागल्या. पीठ फुगत नाही, पाव आंबट होतो, अशी सगळ्यांची एकच तक्रार.

वासंती निफाडकर तिथल्या प्रयोगशाळेत होती. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, चिंचवडला स्टेशनजवळ दोन खोल्यांचं बिऱ्हाड, नवरा हरिहर मोटारीच्या कारखान्यात शिफ्टला. प्रत्येक टाकीतला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि यीस्टच्या गोल पेशींमध्ये दुसरं कुणी घुसलं नाही ना, याची खात्री करायची, हे तिचं काम. त्या पावसाळ्यात दुसरं कुणीतरी घुसलं होतं. गोल पेशींच्या मधून बारीक वाकड्या काड्या दिसत होत्या, स्वल्पविराम शिंपडावेत तशा.

वर्क्स मॅनेजर प्रभाकर अधिकारी शिस्तीचे गृहस्थ, पण त्या दिवसांत त्यांची झोप उडाली होती. एका सकाळी त्यांनी दत्तोबाला केबिनमध्ये उभं केलं. दत्तोबा तळवड्याचा. टाक्या धुऊन त्यांना वाफ द्यायचं काम त्याच्याकडे होतं.

“वाफ पुरती दिलेली नाही. दुसरं कारण असूच शकत नाही,” अधिकारी म्हणाले.

“दिली साहेब. हात लावला तर चटका बसंल एवढी दिली.”

“मग हे जंतू आले कुठून? आभाळातून पडले?”

नमुन्यांच्या बाटल्या घेऊन वासंती दारातच उभी होती. ती म्हणाली, “साहेब, कुठून येतोय ते मी शोधते. मला थोडे दिवस द्या.”

“या आठवड्यात शोधा. नानासाहेबांना मला कुणाचं तरी नाव सांगावं लागणार आहे.”

नानासाहेब म्हणजे मालक. ते कारखान्यात क्वचित यायचे, पण ज्या दिवशी यायचे त्या दिवशी कुणाची तरी नोकरी जायची, अशी त्यांची ख्याती.

टाकीला वाफ देऊन झाली की वासंती निर्जंतुक कापसाचे बोळे घेऊन तिच्या कानाकोपऱ्यातून फिरवू लागली. झाकणाची कड, तळ, हवेचे पाइप. ते बोळे ती टोमॅटोचा रस घातलेल्या थाळ्यांवर ओढायची. या जंतूला टोमॅटो मानवत होता आणि हवा मानवत नव्हती, म्हणून थाळ्या काचेच्या बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायची. मेणबत्ती विझली की आतला प्राणवायू कमी झालेला आणि कर्बवायू वाढलेला. थाळ्यांमागून थाळ्या कोऱ्या निघाल्या. आठवडा संपत आला तेव्हा एका थाळीवर पांढुरके ठिपके उठले. तो बोळा चौथ्या टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हचा होता. रबरी वॉशरच्या मागे, यीस्टला खायला घालतात त्या मळीचा चिकट थर साचला होता आणि तिथवर वाफ पोचतच नव्हती.

अधिकाऱ्यांनी वॉशर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “दत्तोबाला सांगा, कामावर राहा म्हणावं,” एवढंच ते बोलले. सगळे व्हॉल्व्ह बदलले, वास गेला, वड्या परत येणं थांबलं.

खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण वासंतीने तो जंतू ओळखायचा प्रयत्न केला आणि तो ओळखता येईना. दुधाचं दही लावणारे, लोणचं आंबवणारे, त्याच कुळातला हा लॅक्टिक आम्लाचा जीवाणू होता, एवढं नक्की. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर बुडबुडे येत नव्हते, तेही त्या कुळाला धरून होतं. पण पुढे घोडं अडलं. एकेक साखर घेऊन ती त्याला खायला घालून बघत होती. जी पचेल तिचं आम्ल होतं आणि नळीतला जांभळा रंग पिवळा होतो. पुस्तकातल्या कुठल्याच जातीशी हे जांभळे-पिवळे जुळत नव्हते. त्यातून तो इतका वाकडा, आणि इतर भाऊबंद जिथे मान टाकतात तेवढ्या उष्णतेत मजेत वाढणारा.

“मग नष्ट करा,” अधिकारी म्हणाले. “यीस्टच्या कारखान्यात मला तो एका नळीतसुद्धा नको.”

त्यांचं चूक नव्हतं. ते वासंतीलाही कळत होतं, म्हणून ती सरळ नानासाहेबांना भेटली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“नवी जात आहे म्हणता?”

“असावी. खात्री करायला वेळ लागेल.”

“ठेवा. पण या आवारात नाही. आणि एक लक्षात ठेवा बाई, हाच रोग पुन्हा माझ्या टाकीत दिसला, तर तो तुम्ही आणला असं मी धरून चालेन.”

वासंतीने होकार दिला. घरी हरिहरला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. “अगं, असं कुणी कबूल करतं का?” तो म्हणाला.

पुण्यात तिचे जुने प्राध्यापक होते, अनंत मुजुमदार. त्यांनी आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला एक टेबल आणि फ्रीजमध्ये एक कप्पा दिला. जंतूचे काही नमुने सुकवून काचेच्या कुप्यांमध्ये कायमचे बंद केले, बाकीचे नळ्यांमध्ये वाढत ठेवले. भोसरीला गुरुवारी सुट्टी असायची. दर गुरुवारी वासंती चिंचवडहून पुण्याला जायची आणि आपल्या जंतूला नव्या नळीत हलवायची, तपासायची. संसार, नोकरी आणि हे. वर्षं गेली. १९७७ च्या सुमारास तिने सगळं मुजुमदारांपुढे मांडलं.

त्यांनी चष्मा पुसला. “काम चोख आहे. पण हा एकटाच आहे, वासंती. एका नमुन्यावर जात ठरत नाही. उद्या कुणी म्हणेल, हा ओळखीच्याच जातीतला एखादा विचित्र प्राणी आहे. दुसऱ्या ठिकाणी, वेगळ्या वेळी सापडलेला दुसरा दाखव.”

तिने ताकं तपासली, लोणची तपासली, इडलीचं पीठ, उसाचा रस, मंडईतली सडकी फळं. दुसरा मिळाला नाही.

तो मिळाला १९७८ च्या पावसाळ्यात, आणि जिथे मिळायला नको होता तिथेच. फाटकातून आत शिरताना तिच्या नाकाला तो आंबट वास आला आणि ती तडक टाक्यांकडे गेली. चौथ्याच टाकीचा नमुना काचेवर घेतला. बारीक, वाकड्या काड्या.

अधिकाऱ्यांनी तिला बोलावलं. ते चढ्या आवाजात बोलले असते तर बरं झालं असतं, पण ते हळू बोलत होते.

“तुमच्या त्या नळ्या कुठे असतात?”

“पुण्याला. कॉलेजच्या फ्रीजमध्ये.”

“म्हणजे गुरुवारी तुम्ही त्यांना हात लावता आणि शुक्रवारी इथे येता.”

“हात धुऊन येते साहेब. कपडे वेगळे असतात, चपलासुद्धा वेगळ्या.”

“मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण तुम्ही छातीठोक सांगू शकता का?”

ती सांगू शकत नव्हती. नखाच्या कडेला, केसांवर, पिशवीच्या शिवणीत किती जंतू बसू शकतात हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणाला ठाऊक होतं? पुढचे दिवस वाईट गेले. टाकीतला जंतू वेगळा काढताना तिच्या मनात दोन इच्छा भांडत होत्या. तो वेगळ्या जातीचा निघाला तर नोकरी वाचणार होती. तो त्याच जातीचा निघाला तर मुजुमदारांनी मागितलेला दुसरा नमुना हातात येणार होता. आपल्याला नक्की काय हवं आहे हे तिला स्वतःलाच सांगवेना.

नळ्यांची रांग लावली. त्याच उष्णतेत वाढला. तीच साखर खाल्ली, तीच नाकारली. पण एका ठिकाणी गडबड झाली. अरॅबिनोज नावाच्या साखरेची नळी पिवळी झाली. तिच्या जुन्या जंतूने ती साखर कधीच खाल्ली नव्हती. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पिवळी. मग पुण्याला जाऊन चार वर्षांपूर्वी सुकवून बंद केलेली एक कुपी फोडली, तो जंतू जागा केला आणि त्याला तीच साखर दिली. नळी जांभळीच राहिली.

“जात तीच आहे साहेब,” तिने अधिकाऱ्यांना सांगितलं.

ते खुर्चीत मागे टेकले. “म्हणजे तुमचाच.”

“जात तीच, पण घराणं वेगळं. हा अरॅबिनोज खातो, माझा खात नाही. माझ्या नळीतून आलेला असता तर यालाही खाता आली नसती.”

“आणि इथे आल्यावर तो बदलला असेल तर?”

“एखादी साखर खायची ताकद जंतू गमावतात, ते सहज होतं. नव्याने मिळवणं फार अवघड.”

“अवघड म्हणालात. अशक्य नाही.”

“नाही. अशक्य नाही.”

अधिकारी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “सोमवारी मला नानासाहेबांपुढे जायचं आहे. तुम्ही आपणहून राजीनामा दिलात तर दुसरीकडे नोकरी मिळेल. काढून टाकलं तर या पट्ट्यात तुम्हाला कोण घेईल?”

त्या संध्याकाळी हरिहर दुसऱ्या पाळीला निघाला होता. तिने दारातच त्याला सगळं सांगितलं. तो डबा हातात धरून उभा राहिला.

“तुला काय वाटतं? तू आणला असशील?”

“मला माहीत नाही हो.”

“मग आधी ते माहीत करून घे. राजीनामा काय, नंतरही देता येतो.”

तो गेल्यावर ती ओट्याशी उभी राहून विचार करू लागली. चार वर्षं ती न चुकता दर गुरुवारी त्या नळ्या हाताळत होती, उन्हाळा-हिवाळा न बघता. मग रोग आला तो दोन्ही वेळा पावसाळ्यातच का? पावसाळ्यात कारखान्यात काय बदलतं?

दुसऱ्या दिवशी तिने दत्तोबालाच विचारलं, टाक्या धुण्याबरोबर मळीही तोच उतरवून घ्यायचा. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, घट्ट पाक. यीस्टचं सगळं खाणं तेच.

“पावसाळ्यात साखर कारखाने बंद असत्यात बाई,” दत्तोबा म्हणाला. “मंग साठवनीचा माल येतो. मधी दोन-तीन वर्सं नगरकडनं यायचा. औंदा पुन्यांदा चाकनच्या कोंडीरामाचा चालू हाय.”

“पुन्यांदा म्हणजे? आधी कधी होता?”

“त्याच साली की. माझी नोकरी जात हुती तवा.”

मळी तापवूनच टाकीत जायची, म्हणून तिच्यावर कुणी संशय घेतला नव्हता. पण कच्च्या मळीचा पाइप चौथ्या टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हलाच जोडलेला होता. तो व्हॉल्व्ह गळका असला तर थेंब थेंब कच्ची मळी आत जाणार. वासंती जवळजवळ धावतच अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेली.

“साहेब, चाकणला चला. कोंडीरामच्या टाकीतला नमुना घ्यायचा आहे.”

“तुम्ही जाऊन या.”

“मी नमुन्याला हात लावणार नाही. मी लावला तर तुम्हीच म्हणाल की मीच त्यात जंतू टाकला. बाटल्या तुम्ही निर्जंतुक करा, नमुना तुम्ही काढा, थाळ्याही तुम्हीच लावा.”

अधिकाऱ्यांनी जीप मागवली.

कोंडीरामची टाकी चाकणच्या अलीकडे, कांद्याच्या चाळींच्या मागे होती. जमिनीत अर्धी गाडलेली, वर पत्र्याचं झाकण. कोंडीराम धोतर सावरत आडवा आला.

“झाकन उघडायचं न्हाई साहेब. पावसाचे दिस हायेत. माल खराब झाला तर जबाबदार कोन?”

“फक्त बाटलीभर हवी आहे,” अधिकारी म्हणाले.

“आज बाटली न्हेनार आन् उद्या म्हननार माल खराब. मला काय कळत न्हाई व्हय?”

अधिकारी वळले. एवढ्या लवकर माघार घेतील असं वासंतीला वाटलं नव्हतं. टाकीपासून लांब, जीपच्या बॉनेटपाशी ती उभी होती. तिथूनच तिने हाक मारली.

“कोंडीराम, ऐकून घ्या. तुमच्या टाकीत काही निघालं नाही, तर दोष माझा आहे आणि माझी नोकरी जाणार. काही निघालं, तर टाकीवर चांगलं छप्पर घालायचं, एवढंच. पण झाकण न उघडता आम्ही परत गेलो, तर हे साहेब तुमचा माल घ्यायचं बंद करतील. मग तुमचं काय आणि माझं काय?”

कोंडीरामने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी तसं काहीच ठरवलं नव्हतं, पण त्यांनी मान हलवली.

“तुमची नोकरी जानार?” कोंडीरामने तिला विचारलं.

“हो.”

मग त्याने पत्रा ओढला.

पत्रा एका कडेला गंजून फाटला होता. अधिकारी वाकले आणि तसेच थांबले. मळी घट्ट असते तोवर तिच्यात काही जगत नाही, गोडीच इतकी की जंतू सुकून जातात. पण इथे वरून पाणी पडलं होतं आणि मळीवर पातळ, तपकिरी तवंग साचला होता. त्या तवंगावर बुडबुडे येत होते. अधिकाऱ्यांनी वरची, मधली आणि तळाची अशा बाटल्या भरल्या, स्वतः लाख लावून बंद केल्या आणि मांडीवर धरून जीपमध्ये बसले.

थाळ्या त्यांनीच लावल्या. कित्येक वर्षांनी प्रयोगशाळेत हात घातला होता. तार तापवताना बोट भाजून घेतलं. वासंती दाराबाहेर स्टुलावर बसली होती. आत यायचं नाही, असं तिने स्वतःच ठरवलं होतं. “मेणबत्ती मधोमध ठेवा,” ती बाहेरून सांगायची. “झाकणाला व्हॅसलीन लावलंत का?”

सोमवारी नानासाहेब येऊन केबिनमध्ये बसले तरी अधिकारी प्रयोगशाळेतून बाहेर येईनात. थाळ्यांवर नाना तऱ्हेचे ठिपके उठले होते आणि ते एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. अखेर त्यांनी आतून हाक मारली.

“निफाडकरबाई, इकडे या. फक्त बघा, हात लावू नका.”

तिने डोळा लावला. एक क्षण काहीच दिसेना, तिचे डोळेच भरले होते. तिने ते पदराने पुसले आणि पुन्हा पाहिलं. वाकड्या काड्या, स्वल्पविरामांसारख्या, दाटीवाटीने.

“वरच्या बाटलीतला आहे,” अधिकारी म्हणाले. “तळाच्या बाटलीत काही नाही. नानासाहेबांना मी सांगतो. पण त्या साखरेची नळी लावल्याशिवाय पूर्ण सांगता येणार नाही.”

नानासाहेबांनी आणखी दोन दिवस थांबायचं कबूल केलं. ते दोन दिवस वासंतीला जेवण गेलं नाही. बुधवारी अधिकारी स्वतः नळी घेऊन तिच्या टेबलापाशी आले. नळी पिवळी होती.

नानासाहेबांनी दोघांना बोलावून घेतलं. “तो बाईंनी आणला नव्हता, कोंडीरामने पाठवला होता, असंच ना?” ते म्हणाले. “बरं. मग मी जे धरून चालणार होतो ते चुकीचं होतं.” एवढंच. पण बाहेर पडताना अधिकाऱ्यांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. कच्च्या मळीचा पाइप चौथ्या टाकीपासून तोडला गेला आणि कोंडीरामच्या टाकीवर छप्पर चढलं.

पुण्याला मुजुमदारांपुढे आता वासंतीने तीन नमुने ठेवले: जुना, टाकीतला नवा, आणि चाकणच्या मळीतला. मुजुमदारांनी सगळे आकडे पाहिले, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “लिही आता.”

लिहिणं सोपं नव्हतं. परदेशातल्या परीक्षकांनी कळवलं की जवळच्या जातींच्या डीएनएशी तुलना करून दाखवल्याशिवाय नवी जात मान्य होणार नाही. ती तुलना इथे होण्यासारखी नव्हती. युरोपातल्या एका प्रयोगशाळेने करून द्यायचं मान्य केलं, पण पहिल्यांदा पाठवलेले जंतू वाटेत मेले, दुसऱ्यांदा कुपी फुटली. तिसऱ्यांदा पोचले. मग उत्तराची वाट. पोस्टमन दिसला की वासंती दाराशी जायची. दीडेक वर्षाने उत्तर आलं: तिन्ही नमुने एकमेकांचे सख्खे, आणि माहीत असलेल्या सगळ्या जातींपासून लांब.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा अधिकाऱ्यांनी एकच विनंती केली. “आपल्या कारखान्याचा उल्लेख नको. गिऱ्हाईक वाचेल आणि म्हणेल, जंतू इथलाच.” तिला ते पटलं. मावळावरून तिने नाव दिलं, लॅक्टोबॅसिलस मावलेन्सिस. १९८१ मध्ये लेख छापून आला. हरिहरने तो पहिल्या पानापासून वाचायचा प्रयत्न केला, पाच मिनिटांनी खाली ठेवला आणि म्हणाला, “तुझं नाव तेवढं नीट छापलंय.”

पुढच्याच वर्षी जपानमधून एका संशोधकाने जंतूची मागणी केली. वासंतीने कुपी कापसात गुंडाळली, पत्र्याच्या डबीत घातली आणि चिंचवडच्या पोस्टात गेली. खिडकीतल्या कारकुनाने डबी कानाशी धरून हलवली.

“काय आहे आत?”

“जीवाणू. आंबवणारे. माणसाला काही करत नाहीत.”

“जिवंत?”

“झोपलेले आहेत.”

कारकुनाने डबी हळूच खाली ठेवली. मागे रांगेत उभे असलेले गृहस्थ एक पाऊल सरकले. कारकून उठून आत पोस्टमास्तरांकडे गेला. वासंती काउंटरची कड धरून उभी राहिली. इथून जर हे परत पाठवलं तर मुंबईला जाऊन खटपट करावी लागणार होती, आणि रजा उरली नव्हती. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळाने कारकून परत आला, जाडसर नियमपुस्तकात बोट घालून.

“चालतं,” तो म्हणाला. “पण आत काय आहे ते वर लाल शाईने लिहायला लागेल.”

त्याने स्वतःचंच लाल पेन तिला दिलं. तिने डबीवर जपून अक्षरं काढली आणि फुंकर घालून वाळवली. शिक्का बसला, डबी मागच्या पिशवीत गेली. मग वासंतीने घड्याळ पाहिलं आणि भोसरीची बस पकडायला ती झपझप बाहेर पडली.